पाषाणच्या रायफलीची गोष्ट

फौजेत 'शिस्त' म्हणजे नेम. हे मला साताऱ्याजवळच्या आपशिंग्यात एका ओसरीवर बसून कळलं. आपल्याला शिस्त म्हटलं की शाळेची घंटा आणि प्रार्थनेची रांग आठवते. फायरिंग रेंजवर उस्ताद 'शिस्त लो' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की मागची खाच, पुढचं टोक आणि निशाणा एका रेषेत आण आणि श्वास धर. शब्द मूळचा फारसी, अर्थ नेमाचाच. तो आपण शाळेत नेला, फौजेनं जिथल्या तिथे ठेवला.

ओसरी एका निवृत्त हवालदाराची होती. गावात निवृत्त फौजी कुठल्याही हुद्द्याचा असो, त्याला 'मेजर'च म्हणतात, म्हणून मीही मेजर म्हणतो. नाव लिहू नका, असं त्यांनीच बजावलं. गावाचं नाव आपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात इथले सेहेचाळीस जण कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. मेजर १९७९ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले आणि २००३ साली घरी आले. या चोवीस वर्षांत त्यांच्या हातातली रायफल एकदाच बदलली. एसएलआर गेली, इन्सास आली.

"फरक काय वाटला?" मी विचारलं.

"एसएलआर म्हंजी बैल," ते म्हणाले. "मानंवर जू ठिवलं की चालनार. इन्सास म्हंजी गोऱ्हा. चपळ. पर त्याचा सभाव वळखावा लागतो."

इन्सासवर आजवर जे काही छापून आलं आहे, त्यातलं बरंचसं या दोन वाक्यांत बसतं. राहतं ते एवढंच, की गोऱ्ह्याचा स्वभाव असा का झाला. त्याचं उत्तर शोधायला आपशिंग्याहून पुण्याला, पाषाणला जावं लागतं, कारण ही रायफल तिथल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत कागदावर उतरली. पण त्याआधी थोडं मागे.

मेजरांच्या आजोबांच्या पिढीच्या हातात होती थ्री नॉट थ्री. कागदोपत्री नाव ली-एनफील्ड, नळीचा व्यास ०.३०३ इंच, पोटात दहा काडतुसं. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर करायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. चांगला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचा. कोलकात्याजवळच्या इशापूरला तिचा कारखाना होता. १९१४ साली हिंदी फौजा फ्रान्समध्ये मार्सेयला उतरल्या, तेव्हा त्यांच्या जवळच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या. कारण रायफल वाईट होती असं नव्हे. ब्रिटिशांचं काडतूस बदललं होतं आणि जुनी रायफल त्या काडतुसाला जुळत नव्हती. शिपायाला वाटतं आपण रायफल चालवतो. खरं म्हणजे काडतूस रायफलीला चालवतं. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

१९६२ साली चीनच्या सीमेवर आपल्या बहुतेक पायदळाच्या खांद्यावर हीच थ्री नॉट थ्री होती. समोरच्यांकडे स्वतःच पुढचं काडतूस भरून घेणाऱ्या बंदुका होत्या. त्या पराभवाचं खापर रायफलीवर फोडणं सोयीचं आहे आणि ते पुष्कळदा फोडलंही गेलं. पण सुती गणवेशात चौदा हजार फुटांवर पाठवलेल्या माणसाला कुठली रायफल वाचवणार होती? तरी एक खरं, त्या युद्धानंतर थ्री नॉट थ्री बदलण्याची फाइल पळू लागली.

रायफल मात्र इतक्या सहज जाणारी नव्हती. फौजेतून गेली ती पोलिसांकडे गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात लाठ्या होत्या आणि काहींच्या हातात थ्री नॉट थ्री. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या जानेवारीत, लखनौच्या संचलनात. त्या मुंबईच्या रात्रीच गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या एके रायफलची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. ओंबळे आधी फौजेत होते, मग पोलिसांत आले. त्यांचं केडंबे गाव याच सातारा जिल्ह्यातलं. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मेजरांच्या ओसरीवर हा विषय निघाला तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फायर झालेली नळी हातात धरून बघा. सोडल्याबिगर ऱ्हात न्हाई मानूस."

थ्री नॉट थ्रीच्या जागी आली एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. मूळ बेल्जियमची 'फाल', दियुदोने सैव्ह या कारागिराच्या डोक्यातून निघालेली. नव्वदच्या वर देशांनी ती वापरली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात तर ब्रिटिश आणि अर्जेंटिनी दोघांच्याही हातात तीच होती, फरक एवढाच की अर्जेंटिनाची सलग गोळ्या झाडायची आणि ब्रिटिशांची एकेक. आपण ती घेतली नाही, उकलली. बेल्जियन, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन नमुने पुण्याच्या संस्थेत सुटे केले गेले आणि परवान्याशिवाय आपली आवृत्ती उतरवली गेली. १९६३ पासून ती फौजेत आली आणि इशापूरला बनू लागली. सव्वाचार किलोंच्या वर वजन, वीस काडतुसांचं मॅगझिन, ७.६२ मिलिमीटरची जाड गोळी. बट खांद्यावर नीट टेकवला नाही तर रात्री हात वर होत नसे. मेजरांनी सदरा बाजूला करून खांदा दाखवला. मला काही दिसलं नाही, पण त्यांना दिसत असावं.

बैल खरंच चांगला होता. मग बदलायचा कशाला? इथे काडतुसाकडे यावं लागतं.

एसएलआरचं एक काडतूस साधारण चोवीस ग्रॅम वजनाचं, ५.५६ मिलिमीटरचं साधारण बारा. म्हणजे पाठीवरचं ओझं तेवढंच ठेवून शिपाई दुप्पट काडतुसं नेऊ शकतो. शिवाय धक्का कमी, म्हणून दुसरी गोळी लवकर आणि नेमकी. जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटाला स्टुर्मगेवेर ४४ या बंदुकीत मधल्या ताकदीचं काडतूस आणलं, रशियात मिखाइल कलाश्निकोव यांनी त्याच विचाराचं आपलं हत्यार, म्हणजे एके, केलं आणि १९४९ साली सोव्हिएत फौजेनं ते स्वीकारलं. अमेरिकेत नॉर्मन हिचमन यांनी १९५२ साली एका अहवालात मांडलं, की रायफलीचा खरा उपयोग तीनशे यार्डांच्या आतच होतो, त्यापुढे शिपायाला ना दिसतं ना लागतं. दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा कोरलेल्या थ्री नॉट थ्रीच्या दृष्टिपट्टीला हे कोणी सांगायला हवं होतं.

इथे एक दंतकथा बाजूला करतो, कारण ती दर दुसऱ्या गप्पांत ऐकू येते. बारीक गोळी मुद्दाम जखमी करण्यासाठी बनवली, म्हणजे एकाला उचलायला दोघे लागतात आणि तिघे बाद होतात, असं हिशेबी गणित लोक ऐकवतात. ऐकायला ते हुशार वाटतं. पण समोरचा आपल्या जखमींना उचलेलच, या भरवशावर कुठला सेनापती आपली रायफल निवडेल? कारण वजन हेच होतं, आणि हाताबाहेर न जाणारी बंदूक.

अमेरिकेची बारीक गोळीची रायफल म्हणजे युजीन स्टोनर यांची एम १६. व्हिएतनामच्या जंगलात १९६६-६७ मध्ये ती अडकू लागली, रिकामं टरफल आतच चिकटून राहायचं. मेलेल्या शिपायांच्या बाजूला अर्धवट उघडलेल्या रायफली सापडल्या. अमेरिकी काँग्रेसच्या समितीनं चौकशी केली. निघालं काय? काडतुसातली दारू बदलली होती आणि ती जास्त काजळी धरत होती. नळीच्या आतल्या घराला क्रोमचा मुलामा दिला नव्हता. आणि ही बंदूक फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरवून शिपायांना साफसफाईची साधनंही पुरी दिली नव्हती. स्टोनर यांचा आराखडा बराचसा शाबूत होता. बिघाड त्याच्या भोवती होता.

रायफल नापास होते तेव्हा पुष्कळदा रायफल नापास झालेली नसते. दारू, तेल, मॅगझिन, चिंदी आणि फाइल यांतलं काहीतरी नापास झालेलं असतं. इन्सासचं प्रकरण याच नजरेनं पाहायला हवं, असं माझं मत बनत गेलं आहे.

पाषाणच्या बाजूलाच एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, संस्थेतून निवृत्त झालेले एक अभियंता राहतात. त्यांनीही नाव नको म्हटलं. चहा झाल्यावर त्यांनी टेबलावर तीन चमचे ओळीनं मांडले. "ही रायफल, ही एलएमजी, ही कार्बाइन. एकच अंग, तीन भावंडं. आमच्याकडे बंदूक मागितली नव्हती, कुटुंब मागितलं होतं." इन्सास हे नावच त्यातून आलं, इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टिम. एलएमजी म्हणजे हलकी मशीनगन, कार्बाइन म्हणजे आखूड रायफल. १९८० च्या दशकात काम सुरू झालं. आतला फिरणारा बोल्ट आणि एकंदर अंगकाठी एकेची, वायू कमीजास्त करायची चावी फालच्या धर्तीची, खेचायची मूठ डाव्या हाताला पुढे, जर्मन रायफलीसारखी. एका दाबात तीन गोळ्या सुटण्याची सोय, सलग फैर मात्र नाही, काडतुसं वाया जाऊ नयेत म्हणून. मॅगझिन धुरकट पारदर्शक प्लास्टिकचं, आत किती गोळ्या राहिल्या ते बाहेरून दिसावं म्हणून. वजन मात्र चार किलोच्या पुढेच राहिलं. एसएलआरहून जी बचत झाली ती रायफलीत नव्हे, काडतुसांत.

"सगळीकडचं चांगलं उचललं, असं लोक चेष्टेनं म्हणतात," अभियंता म्हणाले. "उचललंच. कुणी उचलत नाही? अहो, प्रयोगशाळेत दहा बंदुका आम्ही कानशीनं जुळवतो. कारखान्यात लाखो करायच्या असतात. आमची दहावी बंदूक आणि त्यांची दहा हजारावी यांत जेवढं अंतर, तेवढी इन्सासची बदनामी."

हे ते आपल्या बाजूनं बोलत होते हे उघड आहे. कारखान्यातल्या माणसाला विचारलं तर तो आराखड्याकडे बोट दाखवील. पण रायफली बनायच्या होत्या इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली अशा तीन ठिकाणी, आणि काडतूस बनायचं होतं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला. भुसावळजवळचा हा कारखाना १९६४ सालचा. खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासून चालतोय. म्हणजे रायफल पाषाणात जन्मली, पण तिचं काडतूस खानदेशात, शरीर बंगालात. नव्या काडतुसाची यंत्रं बसायला वेळ लागला, रायफल अडकून पडली, आणि काश्मीर तर पेटलेलं. तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारनं पूर्व युरोपातून आणि इतरत्रून लाखभराच्या घरात एके जातीच्या रायफली विकत आणल्या. पाहुणा म्हणून आलेली एके काश्मीरच्या जवानाच्या हातात अशी रुळली, की घरची रायफल आली तेव्हा तिच्याकडे सवतीच्या नजरेनंच पाहिलं गेलं.

१९९८ च्या प्रजासत्ताकदिनी इन्सास राजपथावर मिरवली. पुढच्या वर्षी कारगिल.

तिथल्या थंडीत ते पारदर्शक मॅगझिन तडकू लागलं. बंदुका अडकल्याच्या तक्रारी आल्या, झाडताना तेलाचे थेंब डोळ्यात उडतात असंही जवानांनी सांगितलं. गोळ्या किती उरल्या हे दिसावं म्हणून केलेली सोय, तीच मोडली. मेजर कारगिलच्या शिखरांवर नव्हते, पण त्या सुमाराला काश्मीरमध्येच होते. त्यांचा राग मॅगझिनवर नाही. "मॅगझिन फुटलं तर दुसरं लावता येतं. पर जवानाच्या मनात एकदा का आलं की ही बंदूक दगा देती, मग तो रात्रीच्याला तिच्याकडं पाठ करून झोपत न्हाई. एसएलआरकडं पाठ करून झोपायचो."

नंतर सुधारणा झाल्या. मॅगझिन बदललं, पुढच्या आवृत्त्या आल्या. पण मनातलं जाता गेलं नाही. नेपाळला आपण इन्सास दिल्या होत्या. २००५ च्या ऑगस्टमध्ये कालिकोट जिल्ह्यात पिली इथे माओवाद्यांशी झालेल्या लढाईत नेपाळी सैन्याचे त्रेचाळीस जवान गेले, आणि लांबलेल्या झुंजीत रायफली तापून अडकल्या असं नेपाळी सैन्यानं जाहीरपणे म्हटलं. आपल्याकडून देखभालीकडे बोट दाखवलं गेलं. माझा स्वभाव दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं देण्याचा आहे, पण इथे एक सांगावंसं वाटतं: शिपाई दमलेला असेल, त्याचं तेल संपलेलं असेल, त्यानं रात्रभर चिंदी फिरवली नसेल, हे धरूनच रायफल बनवायची असते. कलाश्निकोव यांना हे ठाऊक होतं, कारण ते स्वतः रणगाड्यावरचे जखमी शिपाई होते. छत्तीसगडच्या जंगलातल्या केंद्रीय राखीव पोलिसांनीही २०१४ च्या आगेमागे इन्सासऐवजी एके मागितली.

तरीही इन्सासला एकटीला कोपऱ्यात उभं करणं मला पटत नाही. ब्रिटनची स्वतःची एसए ८० आली तेव्हा मॅगझिन सोडायची कळ अंगाला घासून दबायची आणि मॅगझिन खाली पडायचं. डास पळवायचं औषध लागलं की प्लास्टिक विरघळायचं. शेवटी जर्मन कंपनी हेकलर अँड कोखकडून ती दुरुस्त करून घ्यावी लागली. मग त्याच कंपनीची जर्मन फौजेतली जी ३६ तापली की नेम चुकते असा गदारोळ झाला आणि २०१५ साली जर्मन संरक्षणमंत्र्यांनी तिला भविष्य नाही असं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी कंपनी न्यायालयात जिंकली, तो भाग वेगळा. फ्रान्सनं तर स्वतःची फामास सोडली आणि जर्मन रायफल घेतली. सैन्याची मानाची रायफल परक्याकडून आणणं फ्रेंचांना किती जड गेलं असेल, हे त्यांची पाककला माहीत असलेल्याला सांगायला नको. आपल्याकडे असा निर्णय झाला तेव्हा मात्र 'आपल्याला बंदूकही बनवता येत नाही' असं सगळ्यांनी म्हटलं.

निर्णय कसा झाला, तोही मासलाच आहे. २०११ साली फौजेनं अशी रायफल मागितली, की जिची नळी बदलली की काडतूस बदलेल, आज ५.५६, उद्या एकेचं. जगभरच्या कंपन्या रांगेत उभ्या राहिल्या. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, ती निविदा रद्द झाली. अभियंता यावर हसले. "फौजेला काय हवंय हे फौजेलाच ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही मागितलं. शेवटी एकही मिळालं नाही." मग वारं फिरलं. बारीक गोळीनं समोरचा पडत नाही, जाड हवी, असं ठरलं. २०१९ साली अमेरिकी सिग सॉवर कंपनीच्या ७२,४०० रायफली मागवल्या, ७.६२ च्याच, त्याच लांब काडतुसाच्या, जे एसएलआरचं होतं. २०२४ मध्ये आणखी ७३,००० मागवल्या. दरम्यान अमेठीजवळच्या कोरव्यात रशियाच्या साथीनं एके-२०३ चा कारखाना निघाला. डिसेंबर २०२१ च्या करारानुसार ६,०१,४२७ रायफली बनवायच्या आहेत, पैकी पस्तीस हजार २०२४ च्या जुलैपर्यंत सुपूर्द झाल्या होत्या. तिचं काडतूस ७.६२ चंच, पण आखूड.

हे वाचताना गोंधळ झाला असेल तर तो तुमचा दोष नाही. आज भारतीय पायदळात तीन वेगळी काडतुसं फिरतात: इन्सासचं, सिगचं आणि एकेचं. एक दुसऱ्यात बसत नाही. चुकीची पेटी वर गेली तर शिखरावरच्या जवानाला तिचा उपयोग दगड मारण्यापुरता. मेजर म्हणाले, "आमच्या वक्ताला कोतमध्ये एकच पेटी असायची. डोळं झाकून उचलायची." कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. अमेरिकेनंही २०२२ मध्ये ६.८ मिलिमीटरच्या जाड गोळीची नवी रायफल निवडली, कारण समोरचा आता छातीला चिलखत बांधून येतो. साठ वर्षांपूर्वी हलकं करायला निघालेले आता पुन्हा जड करायला निघालेत. चीन आपल्या ५.८ वर बसला आहे आणि त्याला घाई दिसत नाही.

आपशिंग्याहून निघताना मेजरांनी कोपऱ्यातली काठी उचलली, खांद्याला लावली आणि डावा डोळा मिटला. काठीचं टोक अंगणापलीकडच्या विजेच्या खांबावर स्थिरावलं ते हललं नाही. "वजन न्हाई हिला," म्हणाले आणि काठी खाली ठेवली.

पाषाणच्या टेबलावरच्या तीन चमच्यांपैकी तिसरा, म्हणजे कार्बाइन, इन्सासच्या कुटुंबात कधी नीट जन्मलाच नाही. रायफल आली, एलएमजी आली, तिसरं भावंड चाचण्यांतच राहिलं. २०२५ च्या अखेरीस सरकारनं सव्वाचार लाख कार्बाइनच्या करारावर सह्या केल्या. त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे आणि तिचा आराखडा पाषाणच्या त्याच संस्थेचा. काडतूस ५.५६.